टू-वन म्हणजे हायर सेकंड

आमच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती बरी किंवा वाईट नसायची. आईची आमटी डिस्टिंक्शन, पोळ्या फर्स्ट क्लास, पाहुणे अचानक आले म्हणून घाईत केलेला शिरा हायर सेकंड, आणि हॉटेलातला चहा बहुतेक वेळा पास क्लास. आमच्या वेळी पुण्यात पदवीच्या निकालाचे असे मजले असायचे. हायर सेकंड हा फर्स्ट क्लासच्या लगेच खालचा मजला. तिथे राहणाऱ्याला वरच्यांच्या पावलांचा आवाज आयुष्यभर ऐकू येतो.

बाबा एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि दर उन्हाळ्यात विद्यापीठाचे पेपर तपासायला जायचे. लोकांना क्लास देऊन देऊन त्यांच्या जिभेला दुसरी भाषाच उरली नव्हती. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटून आल्यावर ते चपला काढता काढता म्हणाले, "मुलगा फर्स्ट क्लास आहे. बोलतो मात्र सेकंड क्लास." मी लाडात येऊन हे नवऱ्याला सांगितलं, आणि तो ते आजतागायत विसरलेला नाही.

पेपर तपासताना बाबा कुणाला अर्धा मार्कही उगाच देत नसत. आई म्हणायची, "अहो, एका मार्कासाठी कुणाच्या तरी पोराचं वर्ष जाईल." बाबा चष्मा पुसत म्हणायचे, "काठ मी आखलेला नाही." लहानपणी मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मला ते काहीतरी थोर वाटायचं. आता वाटत नाही.

२०११ मध्ये मी नवऱ्यासह ऑकलंडपासून दीड-दोन तासांवरच्या हॅमिल्टनला आले, इथल्या विद्यापीठात एमएस्सी करायला. पुण्याचा फर्स्ट क्लास गाठीशी होता, तोही चांगला गलेलठ्ठ, त्यामुळे धाकधूक अशी नव्हती. ठरलेलं असं होतं की एमएस्सीला फर्स्ट मिळवायचा, मग पीएचडीची स्कॉलरशिप मिळेल, आणि मग बाबा पुण्याच्या दारावरच्या पाटीत माझं नाव घालतील, आधी 'डॉ.' लावून. लग्न झालेल्या मुलीचं नाव बापाच्या दारावर कशाला, असं आईनं विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "पाटीवर जागा आहे म्हणून." त्यांनी ती जागा पाटी करतानाच सोडून ठेवली होती.

इथे आल्यावर कळलं की निकालाची इथली बोलीच वेगळी आहे. कागदावर 'सेकंड क्लास ऑनर्स, फर्स्ट डिव्हिजन' असं लांबलचक लिहिलेलं असतं, पण कॉरिडॉरमध्ये उभं राहून कुणी तसं म्हणत नाही. तिथे फक्त 'फर्स्ट', 'टू-वन' आणि 'टू-टू'. टू-टूच्या खाली काय असतं, असं मी एकदा आमच्या लॅबमधल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "दॅट्स व्हेन यू जस्ट से यू पास्ड."

ही मुलगी थंडीतसुद्धा जँडल, म्हणजे रबरी स्लिपर, घालून यायची आणि लॅबच्या दाराशी बूट चढवायची. एका विषयात तिला सी पडला. तिनं ते मला लांबूनच सांगितलं, "गॉट अ सी. स्वीट अ‍ॅज." म्हणजे मस्तच झालं. आणि दुपारी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन पोहायला गेली. मी तिच्यासाठी दुःखी चेहरा तयार ठेवला होता, तो तसाच परत ठेवून दिला. आमच्या घरी असा सी पडला असता तर दोन दिवस कुणी टीव्ही लावला नसता. आणि दुसऱ्याला किती पडले, हे तर इथे कुणी विचारतच नाही. आमच्याकडे निकालाच्या दिवशी दूधवालासुद्धा विचारतो. मला सुरुवातीला वाटायचं, किती सभ्य लोक आहेत. नंतर वाटायला लागलं की विचारत नाहीत, कारण त्यांना देणंघेणंच नाही. दोन्ही खरं असावं.

२०१३ मध्ये माझा निकाल लागला. माझे गाईड खोलीत बोलावून म्हणाले, "इट्स अ टू-वन. अ सॉलिड टू-वन." सॉलिड म्हटल्यावर मी पुणेरी सवयीनं खूश होऊन हसले. त्यांनी टिशूचा खोका माझ्यापुढे सरकवला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फर्स्ट थोडक्यात गेला होता. स्कॉलरशिप फर्स्टवाल्यांना मिळायची, त्यामुळे तीही गेली. गाईड भला माणूस होता. त्यानं मला दारापर्यंत सोडलं, आणि मी गाडीत बसून पोटभर रडून घेतलं.

बाबांना फोन केला.

"टू-वन म्हणजे काय? टेनिसचा स्कोअर आहे का?"

"सेकंड क्लास, बाबा. पण त्यातला वरचा."

मग ते म्हणाले, "म्हणजे हायर सेकंड."

"इथे टू-वन म्हणतात."

"म्हणू देत. हायर सेकंड." आणि मग, "जेवलीस का?"

पाटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून 'टू-वन' हा शब्द मी कितीतरी वर्षं ऐकला नाही. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर ते म्हणत, तिकडची पद्धत वेगळी असते. नातेवाइकांत मात्र खरं सांगून टाकत: हायर सेकंड, थोडक्यात गेलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. सी पडला तरी पोहायला जाणाऱ्या माणसांत मी राहत होते, आणि फोन कानाला लावला की पुन्हा हायर सेकंड व्हायचे.

मग मुलगी झाली, आणि गावाच्या कडेला 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या एका कारखान्यात मला लॅबमध्ये नोकरी लागली. पावडरीचे नमुने येतात, ते तपासायचे, ग्रेड द्यायची. कपड्यांना कायम तापलेल्या दुधाचा वास. बाबांना हे सांगितलं तेव्हा निकालानंतर प्रथमच ते मोकळं हसले. म्हणाले, "म्हणजे शेवटी परीक्षकच झालीस." मी म्हटलं, "हो, पण माझे विद्यार्थी पिशवीत असतात." त्या दिवशी आमचं जरा बरं जमलं.

पुढे आई गेली. अचानक गेली, मला पोहोचताही आलं नाही. मी एकुलती एक. बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायला लागले, आणि शेजारच्या काकूंचे फोन यायला लागले: गॅस चालू राहिला होता, किल्ली बाहेरच राहिली होती, बाबा सकाळचं जेवण संध्याकाळी पुन्हा मागत होते. २०१७ मध्ये मी जाऊन त्यांना इकडे घेऊन आले.

ते वर्ष चांगलं गेलं, हे मला कबूल करायलाच हवं. त्यांनी आल्या आल्या देश तपासायला घेतला. दूध डिस्टिंक्शन. रस्ते डिस्टिंक्शन. भाजी सेकंड क्लास. शेजारी फर्स्ट क्लास, पण बोलत नाहीत म्हणून एक पायरी खाली. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिथल्या माणसाला बाबा रोज सकाळी 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार करून पेपर घेऊन यायचे आणि आल्यावर मला सांगायचे, "उच्चार फर्स्ट क्लास जमला आज." माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ते रोज तिला विचारत, "किती पडले?"

"आजोबा, वी डोन्ट गेट मार्क्स. वी गेट स्टिकर्स."

"कुठल्या क्लासचं स्टिकर?"

ती हसून पळून जायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

पहिला धक्का अवोन्डेलच्या बाजारात बसला. आम्ही ऑकलंडला गेलो की रविवारी सकाळी तिथे जायचोच. मेथी, शेपू, कोवळी भेंडी, सगळं मिळतं. त्या दिवशी मी मेथीच्या जुड्या निवडत होते, मागे वळून पाहिलं तर बाबा नाहीत. गर्दीत आम्ही दोघं नवराबायको वेड्यासारखे फिरलो. मुलगी माझ्या हाताला धरून म्हणत होती, "मम, इज ही लॉस्ट? इज ही लॉस्ट?" सापडले ते एका म्हाताऱ्या चिनी बाईंच्या टेबलापाशी. भेंडीच्या ढिगाऱ्यातून त्यांनी तीन वेगळे ढीग केले होते आणि चौथा करत होते. त्या बाई गप्प उभ्या राहून बघत होत्या. त्यांना बहुतेक माझ्याआधीच कळलं होतं.

"बाबा, चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "केंद्र किती वाजता बंद होतं? माझे अजून गठ्ठे शिल्लक आहेत."

मी भेंडी विकत घेतली, चारही ढीग. घरी येईपर्यंत बाबा पूर्ण ठीक झाले होते आणि जावयाच्या गाडी चालवण्याला हायर सेकंड देत होते. मी मागच्या सीटवर भेंडीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मला प्रचंड भीती वाटत होती.

हॅमिल्टनला आल्यावर आमच्या डॉक्टरांनी त्यांची स्मरणशक्तीची एक छोटी परीक्षा घेतली. पाच शब्द सांगायचे, मग दुसरं काहीतरी करायला लावायचं, आणि मग ते पाच शब्द परत विचारायचे. पावणेचार वाजलेलं घड्याळ काढायचं. शंभरातून सात सात वजा करत जायचं. इंग्रजीतच घ्या म्हणून बाबांनीच सांगितलं. दुभाषा म्हणजे कॉपी, असं त्यांचं मत. वजाबाकीत ते पहिले आले असते, शब्दांत मात्र अडखळले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, लक्ष ठेवा. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "सेकंड क्लास." ते मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. तयारी नव्हती."

२०१९ मध्ये त्यांचा व्हिसा पुन्हा मागायची वेळ आली, आणि या खेपेला वैद्यकीय तपासणीत ही परीक्षाही आहे असं कळलं. म्हाताऱ्या माणसाला सारखी देखभाल लागणार असं दिसलं तर हे लोक व्हिसा देत नाहीत. म्हणजे प्रश्न सरळ होता. पास झाले तर बाबा माझ्याकडे राहतील, नापास झाले तर पुण्यात त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, गॅस आणि किल्लीपाशी. यातलं मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही.

परीक्षा म्हटल्यावर बाबांच्या अंगात तरतरी आली. ताठ बसले आणि म्हणाले, "मागच्या वर्षीचा पेपर काय होता?"

मी तेव्हा खोलीतच होते, मला सगळं आठवत होतं. मी सांगून टाकलं. मागच्या वर्षीचे पेपर सोडवल्याशिवाय परीक्षेला बसायचं नसतं, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. माझ्या दहावीला, बारावीला, बीएस्सीला हेच केलं होतं. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं नाही, आणि कॉपी पकडण्यात हयात घालवलेल्या बाबांनाही वाटलं नाही. जुने पेपर सोडवणं म्हणजे कॉपी नव्हे, अभ्यास. आम्ही तिघंही पुण्याचे.

मग आमचं घर पुन्हा परीक्षेचं घर झालं. सकाळी चहाबरोबर पाच शब्द: बटर, लॅडर, रिव्हर, कॉटन, ग्रीन. दुपारी घड्याळं. फ्रिजच्या दारावर, बिलांच्या पाठीवर, माझ्या मुलीच्या चित्रांच्या कोपऱ्यात, सगळीकडे पावणेचार वाजलेले. मुलगी शिकवणीच्या बाई व्हायची आणि प्रत्येक घड्याळाला स्टिकर द्यायची. सुरुवातीला त्यांना तीन शब्द यायचे, मग चार. एक दिवस सकाळी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी पाचही शब्द एका दमात म्हणून दाखवले, आणि मी हातातली पोळी तव्यावर टाकायची सोडून टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाला नाश्त्याला काय खाल्लं ते अकरा वाजता सांगता येत नव्हतं, त्यानं हे पाठ केलं होतं. किती कष्ट पडले असतील त्यांना. तेव्हा मला खरोखर वाटलं की आपण जिंकलो.

तपासणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला दोन पेनं लावली. डॉक्टर तरुण मुलगी होती, मृदू बोलणारी. "किया ओरा," ती म्हणाली. "किया ओरा," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून किंचित हसले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते.

ती म्हणाली, मी आता पाच शब्द सांगणार आहे, नीट ऐका. आणि तिनं पाच वेगळेच शब्द सांगितले.

कुठल्याही परीक्षेच्या पेपराचे एकापेक्षा जास्त संच काढून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं थोडंच. बाबांनी तर स्वतः असे संच काढले होते. बाबांनी नव्या शब्दांकडे लक्षच दिलं नाही. ते हात टेबलावर ठेवून, उत्तर तयार असलेल्या मुलासारखे थांबून राहिले. मग तिनं घड्याळ काढायला सांगितलं. वेळ कुठली ते ती सांगायच्या आतच त्यांनी वर्तुळ काढून, आकडे घालून, काटे लावून कागद तिच्यापुढे ठेवला. अतिशय सुबक घड्याळ होतं. पावणेचार. तिनं अकरा वाजून दहा मिनिटं सांगितली. बाबांनी मान हलवून दुसरं घड्याळ काढलं. त्यातही पावणेचारच वाजले होते.

शेवटी तिनं शब्द विचारले.

"बटर, लॅडर, रिव्हर, कॉटन, ग्रीन," बाबा म्हणाले. आवाज खणखणीत. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉक्टरनं मला विचारलं, "हॅज ही बीन प्रॅक्टिसिंग?"

"ऑफ कोर्स," मी म्हटलं.

तिनं हातातल्या कागदावरच्या दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आय विश ही हॅडन्ट." अभ्यास न करता आले असते तर नवे एकदोन शब्द त्यांनी कदाचित धरून ठेवले असते, असं ती म्हणाली. घड्याळही कदाचित जमलं असतं. आता मात्र जे दिसलं तेच तिला लिहावं लागणार होतं. तिचा आवाज अतिशय दयाळू होता आणि मला तिला मारावंसं वाटत होतं. तिचं काय चुकलं होतं? काठ तिनं आखलेला नव्हता.

गाडीत बाबा खुशीत होते. "पेपर फर्स्ट क्लास गेला. सगळं अपेक्षित आलं." नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत ते गुणगुणत होते. मी समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत चालवत राहिले.

त्यानंतर रोज सकाळी एकच प्रश्न: "निकाल लागला का?" बाकी सगळं विसरायचे, पण आपली परीक्षा झालीय आणि निकाल यायचाय, हे विसरले नाहीत. मी म्हणायचे, "लागायचाय." ते म्हणायचे, "लागेल. पेपर चांगला गेलाय." तेवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जायचा. माझा जायचा नाही.

निकाल आला तो आमच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या माणसाच्या फोनवर. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभी होते. व्हिसाला नाही म्हणाले, तो म्हणाला. मी थँक यू म्हटलं, आणि मग मी त्याला थँक यू कशासाठी म्हटलं याचाच मला राग येत राहिला. घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बसून घड्याळ काढत होते.

"बाबा, निकाल लागला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फर्स्ट क्लास?"

खोटं बोलायचं मी गाडीत ठरवून आले होते. पण त्यांना विमानात बसवायचं तर कारण सांगावं लागणारच होतं, आणि माझ्या चेहऱ्यावरून एरवीही त्यांना कळलंच असतं. त्यांनी आयुष्यभर निकाल ऐकणाऱ्यांचेच चेहरे पाहिले होते.

"नाही झालं, बाबा."

"सेकंड?"

मी मानेनंच नाही म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "थोडक्यात गेलं का?"

"हो. थोडक्यात."

"मग ग्रेसमध्ये नाही का बसत?"

ज्या माणसानं कुणाला अर्धा मार्क दिला नाही, तो माझ्या स्वयंपाकघरात बसून ग्रेस मागत होता. इथे ग्रेस नसतो, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ते काठाचं वाक्य म्हणतील. ते म्हणाले नाहीत. आठवलं नाही की म्हणवलं नाही, कोण जाणे.

"रिचेकिंगला टाक," ते म्हणाले.

टाकलं. वकील केला, अर्ज केला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत जोडलं, मी त्यांची एकुलती एक आहे हे मला जमेल तितक्या इंग्रजीत लिहिलं. आमच्याकडे रिचेकिंगचा निकाल यायचा तेव्हा दहापैकी नऊ जणांना दोनच शब्द यायचे: नो चेंज. तेच आलं, फक्त जास्त सभ्य भाषेत.

तूच का नाही गेलीस परत, असं मला खूप जणांनी विचारलं. काहींनी तोंडावर, काहींनी नजरेनं. इथल्या नोकऱ्या, घर, मुलगी, जिला पुणं म्हणजे आजोबांचं गाव एवढंच माहीत. उत्तरं आहेत माझ्याकडे, आणि सगळी खरी आहेत. मी स्वतःला हीच उत्तरं देते आणि मला स्वतःलाच ती पास क्लास वाटतात.

जायच्या दिवशी मुलीनं आजोबांच्या शर्टाच्या खिशावर एक स्टिकर लावलं. सोनेरी तारा होता, खाली 'ग्रेट वर्क' लिहिलेलं. बाबांनी ते पुण्यापर्यंत काढू दिलं नाही. विमानात हवाईसुंदरीला बोट लावून दाखवलं.

पुण्यात त्यांना एकटं ठेवण्यात अर्थच नव्हता. शहराबाहेर विसराळू झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे. चौकशी करून मी ती ठरवली. फ्लॅट बंद करताना दारावरची पाटी काढली. वर बाबांचं नाव, मग आईचं, आणि खाली ती जागा, जशीच्या तशी. पाटी काय करायची ते कळेना, म्हणून कपड्यांच्या बॅगेत घातली.

ती जागा वाईट नव्हती. स्वच्छ होती, अंगणात पारिजातक होता, तिथलं काम बघणाऱ्या बाई हसऱ्या होत्या. विमानप्रवासानं बाबा फार थकले होते आणि वाटेत एकदोनदा त्यांनी मला आईच्या नावानं हाक मारली होती. मी ओ दिली होती. ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला चार दिवसांनी परतायचं होतं, आणि हे त्यांना कसं सांगायचं याचाच मी विचार करत होते.

बाई त्यांच्याकडे वळून, ओळख काढायची म्हणून, गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, या कोण आल्यात हो तुमच्याबरोबर?"

बाबांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला आणि नाव आठवलं नाही की ते असेच बघायचे, तेवढंच प्रेम आणि तेवढाच संकोच. नाव नको, मी मनात म्हणत होते, नुसतं मुलगी म्हणा.

"ही का," बाबा म्हणाले. "हिला टू-वन मिळाला. फर्स्ट थोडक्यात गेला हिचा. फार हुशार होती."

उच्चार अगदी बरोबर होता, हॅमिल्टनच्या कॉरिडॉरमध्ये म्हणतात तसा. इतकी वर्षं त्यांनी तो शब्द कुठे जपून ठेवला होता, देव जाणे. बाईंना काहीच कळलं नाही. त्या माझ्याकडे बघून वाट पाहत राहिल्या.

"मी मुलगी यांची," मी म्हटलं.

"अच्छा," बाबा म्हणाले, आणि नव्यानं ओळख झालेल्या माणसाला करतात तसा त्यांनी मला नमस्कार केला.